इंदूरच्या काळ्या मातीत वेली आणि उंच फुलं लावताना

आपल्याकडे वेल लावायची म्हटलं की सगळे आधी रोप आणायला धावतात, पण इंदूरला खरं काम मातीचं आहे. ही काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते, मेमध्ये तिलाच बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. माझी जुई उन्हानं नाही मेली, ऑगस्टमध्ये मेली, उपटून पाहिली तर मुळं काळी, मऊ आणि कुबट वास. म्हणून खड्डा दीड फूट घ्या, निघालेली माती अर्धीच परत टाका, बाकी जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत, आणि महत्त्वाचं म्हणजे वरून चार बोटं उंचवटा करून मगच रोप लावा, नाहीतर आजूबाजूचं सगळं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यातच येऊन साचतं.

मग वेल कशी चढते ते बघा. गोकर्ण आणि गणेशवेल वेढे घेत जातात, त्यांना सुतळीच बरी, गुळगुळीत तारेवरून घसरतात आणि उन्हात तार तापते ती वेगळीच. कृष्णकमळाला तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे धाग्यासारखे तंतू, असतात, त्याला जाळी लागते. बोगनवेल स्वतःहून काहीच धरत नाही, तिला बांधावंच लागतं. मधुमालती दोन-तीन वर्षांत एवढी जड होते की बांबू वाकतो, तिला लोखंडी पाइप द्या, पण जागा असेल तर ती लावाच, संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल पुढच्या दोन दिवसांत गुलाबी होऊन लाल होतं, एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात.

सुरुवात करायची तर गोकर्णापासून करा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, सकाळी फुगलेलं पेरायचं, जे फुगलं नाही ते सॅण्डपेपरवर हलकं घासून परत भिजवायचं. वेल वाढायला लागली की शेंडा नीट बघा, तो हवेत गोल गोल फिरून आधार शोधत असतो, सकाळी भिंतीकडे तर दुपारी अंगणाकडे, सुतळी जवळ नेली की लगेच वेढा घालतो. ही शेंगवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतःच मिळवते, तेव्हा युरिया वगैरे घालू नका, नुसती पानं येतील. शेंगा खुडत राहिलात तर फुलं जास्त दिवस येतात.

उंच फुलांमध्ये मला हॉलीहॉक सगळ्यात आवडतं. त्याचं सोटमूळ खोल जातं, हलवलेलं त्याला सोसत नाही, तेव्हा ऑक्टोबरमध्ये बी जागेवरच पेरा, तेही वाफ्याच्या उत्तरेच्या कडेला, कारण थंडीत ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि सहा फुटी झाडाची सावली बाकीच्यांवर पडायला नको. काठी रोप लहान असतानाच रोवायची, नंतर ठोकली तर मूळ तुटतं. बांधायला जुन्या सुती साडीची पट्टी घ्या, इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी फिरवून, सैल. पाणी बुंध्याशीच घाला. पानांखाली नारिंगी पुटकुळ्या दिसल्या की तो तांबेरा, ती पानं लगेच काढून फेका, खताच्या ढिगात टाकू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दांडा खालून वर फुलत जातो. खालची बोंडं वाळून तपकिरी झाली की चकतीसारख्या बिया सुट्या होतात, त्या सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायच्या, पुडीवर फुलाचा रंग लिहून.