हा ‘सर’ कुठला? ओळखायची रीत

आधी लिंग पाहा. ‘तो सर’ मोत्यांचा. अनेकवचनातही ‘चार सर’च. ‘ती सर’ पावसाची, अनेकवचन ‘सरी’. ‘त्याची सर येणार नाही’ यातली सरही स्त्रीलिंगी, पण तिच्या ‘सरी’ होत नाहीत.

मग पुढचा शब्द पाहा. सरदार, सरनोबत, सरपंच यांतला ‘सर’ फारसी: अर्थ डोकं, म्हणून प्रमुख. ‘किल्ला सर केला’ हाही फारसीच. घोटाळा होतो तो ‘सरोवर’पाशी, ते संस्कृत ‘सरस्’वरून आलेलं, तिथे डोकं शोधू नका. गंमत अशी की फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘शिर’ दिसायला वेगळे, पण खरे चुलतभाऊ.

शाळेतले ‘सर’ इंग्रजी, मुळात लॅटिनमधल्या ‘ज्येष्ठ’ अर्थाच्या शब्दातून आलेले. क्रियापद आदरार्थी: ‘सर आले’. ‘सर आली’ ऐकलंत तर छत्री उघडा.