हंगामाआधीचे सहा आठवडे: पोरांना पळवण्याआधी थांबायला शिकवा

कोल्हापुरात दिवाळी सरली की फुटबॉलचे वारे वाहू लागतात आणि मैदानामैदानावर तेच दृश्य दिसतं. बारा-चौदा वर्षांची पोरं ओळीने फेऱ्या मारतायत आणि कडेला उभा असलेला कुणी थोरला "अजून पाच!" म्हणून ओरडतोय. हे बंद करा. सामन्यात कुठलंही पोरगं एका लयीत तीन किलोमीटर पळत नाही. ते दहा मीटर झेपावतं, गचकन थांबतं, वळतं, चार पावलं चालतं आणि पुन्हा झेपावतं. तयारी या कामाची करायची असते.

१२ ते १६ वयाच्या मुलामुलींसाठी सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून तीन दिवस सराव, मधे एकेक दिवस मोकळा.

पहिले दोन आठवडे दम वाढवायचा, तोही चेंडूसकट. ३० बाय २० मीटरच्या चौकटीत चार विरुद्ध चार खेळवा. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार डाव. सुरुवातीला फिफाचा '११+' वॉर्म-अप घ्या. त्यात १५ व्यायाम आहेत, २० मिनिटं लागतात आणि तो १४ वर्षांपुढच्यांसाठी आहे. लहानांसाठी '११+ किड्स' वेगळा आहे. तालमीतले जोर जरूर घ्या, बैठकाही घ्या, पण शंभर-दोनशेचा आकडा गाठायला नको. दहा नीट मारल्या की झालं. सरावात पाणी पिऊ न देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात तर नाहीच.

आता तिसरा आणि चौथा आठवडा. हा भाग शिकवायला मला सगळ्यात जड गेला आणि याच भागाकडे सगळे काणाडोळा करतात: थांबणं आणि उडी मारून खाली येणं. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, बहुतेक वेळा कुणाच्या धक्क्याने तुटत नाही. पोरगं एकटंच असतं. वेगात येतं, टाच लांब पुढे रोवतं, अंग ताठ असतं, गुडघा आत वळतो आणि ते खाली बसतं. त्या वयात ही दुखापत झाली की वर्ष हातचं जातं.

सुरुवात पायरीवरून करा. वीतभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायचं आणि तीन सेकंद तसंच थिजून राहायचं. तुम्ही समोर उभे राहा, बाजूला नाही. गुडघे पावलांच्या रेषेत आहेत की एकमेकांकडे झुकलेत, हे समोरूनच कळतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा आणि पोराला लगेच दाखवा. "गुडघा आत नको" हे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते स्वतःचा गुडघा आत जाताना पाहिला की होतं. "आवाज न करता उतर" ही सूचनाही फार कामाची आहे. धप्प असा आवाज आला, तर गुडघा आणि कंबर वाकलेली नाही असं समजा.

ते जमलं की एका पायावर. मग अर्ध्या वेगाने दहा मीटर येऊन तीन छोट्या पावलांत थांबणं. एकाच लांब पावलात थांबू देऊ नका. कंबर खाली, छाती जरा पुढे, पाय अंगाच्या खाली. त्यानंतर ४५ अंशांत वळणं, मग ९० अंशांत आणि शेवटी तुम्ही ऐनवेळी हात कराल त्या बाजूला. एका पायाला पाच वेळा पुरे आणि प्रत्येक खेपेनंतर अर्धा मिनिट थांबा. दमलेल्या पोराकडून हे कधीही करून घेऊ नका, सराव संपताना तर नाहीच. थकलेला पाय चुकीची सवय उचलतो. पायरीवर गुडघा आत जात असेल तर पुढचा टप्पा नाही. मग पोरगं संघातलं सगळ्यात वेगवान का असेना आणि त्याचे वडील कडेला घाई करत का उभे असेनात.

पावसाळ्यानंतर टणक झालेल्या मैदानावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले बूट नकोत. स्टडची पकड जास्त बसते, पाऊल अडकतं आणि अंग वळताना पीळ गुडघ्यावर येतो.

पाचव्या आठवड्यात वेग. २० मीटर पूर्ण जोराने सहा वेळा, मधे दीड मिनिट विश्रांती, आणि हे वॉर्म-अपनंतर लगेच. पायाला वजनं बांधून पळवणं साफ बंद. मांडीमागच्या स्नायूसाठी नॉर्डिक घ्या: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. नवख्याला तीन ते पाच वेळा बस्स. दुसऱ्या दिवशी मांडी धरते, म्हणून सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत नको.

एक गोष्ट मात्र सहाही आठवडे सांभाळायची. मुलींची उंची साधारण १२व्या आणि मुलांची १४व्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. दर महिन्याला भिंतीला उभं करून खूण करा. खूण भराभर वर सरकत असेल, तर काही महिने उड्या निम्म्या करा. कालपर्यंत सुबक वळणारं पोरगं या काळात अडखळतं, त्याला आळशी म्हणू नका. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा टाच दाबल्यावर दुखत असेल तर "वाढीचं दुखणं आहे, खेळ" म्हणू नका. भार कमी करा आणि दुखणं हटलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तेव्हापासून आपल्याकडे पालकांची घाई वाढली आहे. ती मी समजू शकतो, पण दुखत्या टाचेवर कुणी पुढे जात नाही.

सहाव्या आठवड्यात दोन सराव सामने ठेवा आणि बाकी काम निम्मं करा. हंगाम सुरू झाल्यावर थांबण्या-वळण्याचा सराव आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं चालूच ठेवा.