'माझी मैना' गिटारवर घ्यायची असेल तर आधी कॉर्ड कमी करा

१ मेच्या कार्यक्रमाला कोणीतरी गिटार काढतं आणि अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' घेतं. मीपण घेतली होती, परळच्या आमच्या चाळीत, ए मायनर-एफ-सी-जी असे चार कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचे गट) गोल गोल फिरवत, आणि मनात काय भारी बसलंय म्हणून खूश. स्टेजवरून उतरलो तर मिलमधून रिटायर झालेले एक काका म्हणाले, "बाळा, हे रिसेप्शनचं वाटतंय रे, बायको गावाला राहिलीय असं वाटतच नाही." तेव्हा राग आला, पण काका बरोबर होते.

शाहिरीत मागे वाजतं काय तर डफ, मंजिरी आणि तुणतुणं. तुणतुण्याला एकच तार, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरून बसते आणि गाणारा त्याच्यावर हवं तसं फिरतो. म्हणजे आपल्याला गिटारचं तुणतुणं करायचंय, बास.

सहावी तार ई वरून डी ला उतरवा. आता तीन जाड तारा मोकळ्या वाजवल्या की डी-ए-डी, म्हणजे सा-प-सा. ही झाली पांढरी दोनची पट्टी, म्हणजे पेटीवरची ती पट्टी गाणाऱ्याचा सा, गाणाऱ्याची काळी दोन असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), काळी तीन असेल तर चौथ्या. उरलेल्या तीन बारीक तारांना हात लावू नका. मेजर किंवा मायनर कॉर्ड धरला की त्यात गंधार (ग) येतो आणि गाणारा तोच गंधार गळ्याने वर-खाली ओढत असतो, मग तुमचा फ्रेटवरचा सूर त्याला नडतो. गंधार त्याच्यावर सोडा. ठेक्याचं पण तेच, डफवाला असेल तर त्याच्या मागे जा, नसेल तर गिटारच्या लाकडावरच थाप द्या.

आता शब्द नीट ऐका. ही छक्कड आहे, लावणीचाच एक प्रकार. नायक पोटासाठी मुंबईत आलाय, बेकारांच्या गर्दीत एक. निघताना बायकोला दागिन्यांचं कबूल केलेलं, शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, पुतळ्यांची माळ, ती यादी धडाधड येते आणि जवळजवळ प्रत्येक तुकडा 'ची' वर आपटतो. तिथे स्ट्रमिंगची कलाकुसर नको, फक्त त्या 'ची' वर एक दणका द्या. गिरणगावात हे गाणं घरचं का वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको, एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपणारे पुरुष, जेवण खानावळीत आणि बायको गावाला. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून मुंबईत आलेले, गिरणीत राबलेले, १९४४ ला अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलेलं.

मग येतं वळण. मैनेची भेट नाही, तीच गत खंडित महाराष्ट्राची झालीय असं शाहीर म्हणतो आणि नावं घेतो, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. तोवर आपण एका बाईच्या आठवणीत असतो आणि एकदम नकाशा समोर येतो. १९६० ला मुंबईसकट महाराष्ट्र झाला पण ही चार नावं बाहेरच राहिली, बेळगाव-कारवार आज कर्नाटकात, डांग-उंबरगाव गुजरातमध्ये. त्यामुळे १ मेला ही ओळ आनंदाच्या सुरात घेणारे मला कळतच नाहीत.

अख्ख्या गाण्यात कॉर्ड बदलायचा तो फक्त इथे. पाचव्या फ्रेटवर त्याच तीन तारांवर एक बोट आडवं टाका, जी-डी-जी मिळेल. गाणाऱ्याचा षड्ज (सा) आहे तिथेच राहतो पण खालचा आधार मध्यमावर (म) सरकतो, म्हणजे चाल तीच आणि पायाखालची जमीन दुसऱ्याची. दोन ओळी तिथे थांबा आणि परत मोकळ्या तारांवर या, गाणारा पंचमावर (प) रेंगाळला तर जरा आधीच या, नाहीतर घासतं.

राहिले झीलकरी. मागे दोघं उभे करा, त्यांनी ओळीचं शेपूट उचलायचं, त्याच सुरात, चढ्या आवाजात. क्वायरसारखी वेगळी हार्मनी शिकवायला जाऊ नका, मी तेपण करून बघितलंय, काका मध्येच उठून चहा प्यायला गेले.