‘द रेड शूज’ घरच्या टीव्हीवर नीट कसा पाहावा

‘द रेड शूज’ हा १९४८चा ब्रिटिश चित्रपट. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीनं तो बॅलेभोवती गुंफला आणि ब्रायन ईस्डेलच्या संगीताला ऑस्कर मिळालं. २००९ मध्ये कान महोत्सवात त्याची रिस्टोअर केलेली प्रत दाखवली गेली, मग ती डिस्कवर आली. अशी डिस्क काही स्वस्तात मिळत नाही. ती आणून टीव्ही दुकानातून आला तशाच सेटिंगवर लावली, तर निम्मे पैसे पाण्यात.

१. विकत घेण्याआधी रीजन बघा

रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल, त्याची खूण. ब्लू-रेच्या हिशेबात अमेरिका ए, ब्रिटन बी आणि भारत सी. मी पहिली परदेशी डिस्क हौसेनं मागवली, आणि प्लेअरनं एका ओळीत नकार कळवला. ४के डिस्कला रीजनचं बंधन नसतं, पण तिला ४के प्लेअरच लागतो. त्याच डब्यात जोडीला साधी ब्लू-रे असेल, तर ती रीजनवाली असू शकते. आणि डिस्क २००९ नंतरचीच घ्या. त्याआधीच्या डीव्हीडीवर ही दुरुस्त केलेली प्रत नाही.

२. पाल डीव्हीडी शक्यतो नको

पाल ही भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीची पद्धत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल डीव्हीडी २५नं. त्यामुळे १३४ मिनिटांचा चित्रपट पाच मिनिटांहून थोडा जास्तच आधी संपतो. ते एक वेळ चालेल, पण आवाजाची पट्टी मुद्दाम खाली आणलेली नसेल तर सूरही चढतो. पेटीवर सांगायचं तर, पांढरी एकचा सा काळी एकच्या दिशेनं पाऊण वाट चालून जातो. संगीतावर उभा असलेला चित्रपट असा ऐकण्यात काय अर्थ?

३. नेमकं काय दुरुस्त झालं, ते आधी जाणून घ्या

हा टप्पा लोक गाळतात, आणि मग नको ते ‘दोष’ काढायला बसतात. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात प्रिझममधून प्रकाश फुटून तीन वेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर पडे: लाल, हिरवा, निळा. छपाईच्या वेळी तिन्ही एकमेकांवर बसवायच्या. साठ वर्षांत तिन्ही फिती सारख्या आकसल्या नाहीत, म्हणून रंग एकमेकांवरून सरकले. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचा लाल रंग रेषेबाहेर गेलेला असतो ना, तसंच. शिवाय निगेटिव्हवर बुरशी चढली होती. १३४ मिनिटांच्या साधारण १ लाख ९३ हजार चौकटी, गुणिले तीन: म्हणजे पावणेसहा लाखांहून जास्त चित्रं स्कॅन करून एकमेकांवर बसवावी लागली. बुरशीचे डाग, ओरखडे, रंगांची थरथर काढली. पण फिल्मचे बारीक कण मुद्दाम ठेवले. ते कण म्हणजे धूळ नव्हे, चित्र त्यांचंच बनलेलं आहे.

४. टीव्हीची हुशारी बंद करा

आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर ते कण पुसता पुसता चेहरेही मेणाचे करतं. शार्पनेस अगदी खाली आणा. मोशन स्मूदिंगला, म्हणजे टीव्ही स्वतःच मधल्या चौकटी बनवून घालतो त्या सोयीला, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं, पण ते शोधून बंद कराच; ते चालू असेल तर नर्तिकेची गिरकी संध्याकाळच्या मालिकेतल्यासारखी गुळगुळीत दिसते. प्लेअरमध्ये २४ चौकटींचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

चित्र जवळजवळ चौकोनी आहे, १.३७:१. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ‘पूर्ण स्क्रीन भरत नाही’ म्हणून कुणी रिमोटकडे हात नेला, तर रिमोट काढून घ्या. ताणलं की नायिकेचं काम करणारी मॉइरा शिअरर आडवी होते, झूम केलं की पाय कापले जातात. बॅलेत पायच कापायचे?

५. आवाज मोनोच असू द्या

मूळ ध्वनी मोनो, म्हणजे डावा-उजवा असा न विभागलेला, आहे. अ‍ॅम्प्लिफायरवरचा ‘हॉल’, ‘सराउंड’ असा कुठलाही परिणाम लावू नका; वाद्यवृंद विहिरीत बसून वाजवतोय असं वाटतं. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा आणि संवादांसाठी सबटायटल लावा, त्यात कमीपणा नाही.

६. दोन प्रसंगांवर तपासा

सुरुवातीच्या भागात लंडनच्या छोट्याशा मर्क्युरी थिएटरमध्ये नायिका ‘स्वान लेक’ नाचते. तिच्या पांढऱ्या पोशाखाच्या कडेला उजळ रेघ दिसली, तर शार्पनेस अजून जास्त आहे. मग साधारण १७ मिनिटांच्या मुख्य बॅलेवर या. जॅक कार्डिफच्या छायाचित्रणाची खरी परीक्षा इथे आहे. बुटांचा लाल रंग सपाट ठिगळासारखा दिसत असेल, रेशमावरची चमक हरवली असेल, तर टीव्हीचा रंग दोन-तीन अंकांनी उतरवा. तिचे केस तांबूस आणि बूट लालभडक, हे दोन रंग वेगळे कळले की झालं. आता डिस्क पहिल्या मिनिटापासून लावा.