ट्रान्सम कुजलाय? कारागीर पारखून मगच होडी शेडात द्या

फायबरच्या होडीला इंजिन जिथे टांगतात ती मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. बाहेरून ती नुसती फायबरची दिसते, पण बहुतेक होड्यांत तिच्या पोटात प्लायवूड असतं आणि इंजिनाचं ओझं, धक्के, ढकल सगळं तेच पेलतं. मालवण-देवबागच्या पट्ट्यात मी 17 वर्षं फायबरच्या होड्या चालवतोय. चार ट्रान्सम उघडून नव्याने बांधून घेतले, दुसऱ्यांचे कितीतरी उघडताना पाहिले. म्हणून किनाऱ्यावर फुकट मिळणारे सल्ले ऐकले की आता राग येतो. "जवळच्या शेडात टाक." "नवीन होड्या बनवतो ना तो, मग चांगलाच असणार." "वरून दोन मॅट मारल्या की झालं." या तीन वाक्यांपायी लोकांनी एकाच कामाचे दोनदा पैसे मोजलेत. त्यांत मीही आहे. (मॅट म्हणजे काचतंतूंची चादर; रेझिन या सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून ती थापतात.)

आधी स्वतः तपासा

कारागिराकडे जाण्याआधी दुखणं किती आहे ते आपल्याला माहीत हवं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन ट्रान्सम आतून-बाहेरून ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर भार द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समवर नजर ठेवायला सांगा. भिंत वाकताना दिसली, कोपऱ्यात केसाएवढी चीर उघडली-मिटली, तर आतलं लाकूड गेलं. बोल्टखालून तपकिरी पाणी ओघळत असेल तर आणखी पुरावा नको. शंका राहिलीच तर आतल्या बाजूने, अगदी खाली, होडीतलं पाणी काढायच्या बुचाजवळ 5 मिलिमीटरचं एक भोक पाडून भुसा बोटांत चुरडा. कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. काळपट चिकट लगदा आला तर होडी पाण्यात घालू नका. भोक त्याच दिवशी बुजवा.

नावं कोणाला विचारायची

इंजिनाच्या मेकॅनिकला. हे मला फार उशिरा सुचलं. होडीमालक चमक बघून कामाची तारीफ करतो. मेकॅनिक मात्र दर एक-दोन वर्षांनी इंजिन उतरवतो, बोल्ट काढतो, भोकात डोकावतो. कोणाच्या हातचा ट्रान्सम तीन हंगामांनंतरही कोरडा आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मालवण, सर्जेकोट, वेंगुर्ले, रत्नागिरीचं मिरकरवाडा, खाली गोवा, जिथे आउटबोर्ड (ट्रान्समवर टांगलेली इंजिनं) चालतात तिथे असे दोन-तीन मेकॅनिक सापडतात. प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा. दोघांनी आपणहून एकच नाव घेतलं तर त्या माणसाकडे जा.

त्या कारागिराने तीन वर्षांपूर्वी केलेली एक होडी बघायला मागा. गेल्या महिन्यातली नको, नवं काम सगळ्यांचंच चकाकतं.

नवीन होड्या बनवतो म्हणून दुरुस्तीही येतेच असं नाही. साच्यात एक थर ओला असतानाच दुसरा बसतो, दोन्ही एकजीव होतात. जुनं सुकलेलं फायबर तसं एकजीव होत नाही. ते ग्राइंडरने खरवडून खडबडीत करावं लागतं, कडा लांबवर उतरती करावी लागते, तेव्हा नवा थर त्याला धरतो. साच्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे खरवडणं म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो आणि तो तेच टाळतो.

शेडात पाय ठेवल्यावर

वर पत्रा हवा, मॅटचे गुंडाळे प्लास्टिकमध्ये हवेत, हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) मापायला खुणांचं भांडं हवं. अंदाजाने बाटलीतून धार सोडणारा माणूस दिसला तर तिथूनच परत या. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं रसायन) एकाच फळीवर शेजारी ठेवलेले दिसले तरीही परत या. ही दोन थेट एकमेकांत मिसळली तर स्फोट होऊ शकतो आणि ज्याला हे माहीत नाही किंवा माहीत असून फिकीर नाही, त्याच्याकडे आपली होडी द्यायची नाही.

खरी परीक्षा: आतलं लाकूड काढणार की झाकणार?

माझ्या 19 फुटी होडीला 40 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. ट्रान्समला चीर गेली तेव्हा एका शेडवाल्याने बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "दादानू, काय घाबरू नकात. वरसून दोन मॅट मारतंय, पाच वर्सां काय होवचा नाय." मे महिना होता, होड्या पावसाळ्यासाठी शाकारायची (झाकून ठेवायची) घाई, पावसाळ्यानंतरच्या फेऱ्या आधीच ठरलेल्या. मी हो म्हणालो. चार दिवसांत पांढरा शुभ्र ट्रान्सम हातात आला, ठोकला तर आवाजही टणक. आवाज टणक येणारच होता, वर नवं जाड फायबर जे होतं.

फेब्रुवारीत भर समुद्रात इंजिन मान हलवायला लागलं. आधी वाटलं बोल्ट ढिले झाले. वळून बघितलं तर नव्या मॅटचा पापुद्रा कोपऱ्यातून उचकटला होता आणि प्रत्येक लाटेला आत-बाहेर होत होता. होडीत सहा माणसं. गती कमी केली, इंजिनाला दोर बांधून पुढच्या फळीला अडकवलं आणि दुसऱ्या होडीने ओढून आणलं. किनाऱ्यावर आतलं फायबर कापलं तेव्हा प्लायवूड हाताने निघालं, भिजलेल्या पेंडीसारखं. पिळलं तर पाणी गळत होतं. वरच्या दोन मॅटनी ते पाणी आतच कोंडून ठेवलं होतं, म्हणून कुजणं आणखी वेगाने झालं.

तेव्हापासून मी प्रत्येक कारागिराला पहिला प्रश्न एकच विचारतो: आतलं लाकूड कुठपर्यंत काढणार? बरोबर उत्तर असं: "उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत काढत जाणार." न उघडताच "एवढाच तुकडा बदलू" म्हणणाऱ्याला माझ्याकडून काम मिळत नाही. ओल प्लायच्या थरांमधून सरकत जाते. बोल्टच्या भोकातून शिरलेलं पाणी दीड फूट लांब, बुचाजवळ सापडतं. तळाचे लांब पट्टे ट्रान्समला जिथे भिडतात तिथेही ते पोचलेलं असू शकतं, म्हणून त्या पट्ट्यांची टोकं तपासणार का, हेही विचारा.

दुसरी गोष्ट, आणि ही मी कुठल्याही परिस्थितीत सोडत नाही: ट्रान्सम उघडा असताना मला बोलवायचं, मी बघितल्याशिवाय बंद करायचा नाही. हे काम देतानाच सांगा, आणि पैशाशी जोडा. एक हप्ता सुरुवातीला, दुसरा उघडा ट्रान्सम बघितल्यावर, तिसरा पाण्यात चाचणी झाल्यावर. "रोज येऊन काय बघणार, फोटो पाठवतो" असं ऐकू आलं तर मी दुसरं दार धरतो. फोटोत ओल दिसत नाही.

बघायला गेलात की काय बघायचं? माझा दुसरा ट्रान्सम ज्याने केला, त्याने पटाशीने शेवटचा काळा चुरा खरवडून काढला आणि उघड्या पडलेल्या आतल्या फायबरवर हातभर पारदर्शक प्लास्टिक लावलं, चारही कडा टेपने घट्ट बंद केल्या. म्हणाला, सकाळी या. सकाळी प्लास्टिकच्या आतून बारीक दव धरलं होतं. "अजून ओलं आहे," एवढंच बोलून त्याने पंखा पुन्हा लावला. पाचव्या दिवशी प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा कुठे त्याने रेझिन कालवलं. त्या पाच दिवसांत माझं भाडं बुडत होतं, आणि तरी मी आज कोणालाही सांगेन की वाळवायला वेळ मागणारा कारागीर धरून ठेवा. ओल्या भिंतीवर रेझिन धरत नाही. भर पावसात दमट हवेत हे वाळणं लांबतच जातं, म्हणून नारळी पौर्णिमेच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा मार्चमध्ये होडी उघडून घ्यावी.

बंद करताना काय घालणार, हेही त्याच भेटीत विचारा. प्लाय मरीन हवं, त्यावर आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का हवा. शिक्का स्वतः बघा, दुकानदाराचा शब्द चालत नाही. साधं दारं-कपाटांचं प्लाय दोन वर्षांत फुगतं. 18 मिलिमीटरच्या दोन प्लाय एकमेकींना चिकटवताना मध्ये रेझिनमध्ये भिजवलेली मॅट हवी आणि प्लायच्या कापलेल्या कडा आधीच रेझिन पाजून बंद केलेल्या हव्यात. प्लाय आणि बाहेरचं फायबर यांच्यात पोकळी राहिली तर तिथेच पुढचं पाणी साठतं. म्हणून सगळीकडून दाबून क्लॅम्प लावलेत का ते बघा.

कोपरा तर सर्वांत महत्त्वाचा. ट्रान्सम होडीच्या कुशीला जिथे मिळतो तिथे काटकोन ठेवायचा नाही, रेझिनच्या लगद्याने गोलाई द्यायची आणि मॅट आणि रोविंगचे (जाड विणलेल्या काचकापडाचे) थर बाजूच्या भिंतीवर कमीत कमी 6 इंच चढवायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे. माझी पहिली दुरुस्ती याच कोपऱ्यातून सुटली होती, तिथे मॅट जेमतेम दोन बोटं चढलेली. एका बैठकीत सगळे थर उरकणाऱ्यालाही थांबवा. उन्हाळ्यात जाड थर एकदम दिला की रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं, कधी धूरही निघतो, आणि मग आकसून तडकतं.

रेझिनवरून वाद घालत बसू नका. आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर चांगलं चालतं. एपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं, पण त्याच्यासोबत नेहमीची चॉप्ड (तुटक तंतूंची) मॅट वापरायची नसते, आणि वरून साधा जेलकोट (बाहेरचा चकचकीत रंगीत थर) नीट बसत नाही, रंग द्यावा लागतो. कारागीर एपॉक्सी म्हणाला आणि हे दोन मुद्दे त्याने आपणहून सांगितले नाहीत, तर त्याला त्याची सवय नाही असं समजा. मग पॉलिस्टरच करून घ्या.

काम देताना कागदावर

कुठलं प्लाय, किती जाड, कुठलं रेझिन, किती थर, पैशाचे तीन टप्पे. आणि इंजिन कोणतं बसणार ते. जुनं टू-स्ट्रोक काढून त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक लावणार असाल तर वजन 20 किलोंच्या वर वाढू शकतं, ते आधी सांगा. ट्रान्समची उंचीही लिहा: इंजिनाच्या आखूड शाफ्टला (खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याला) 15 इंच, लांबाला 20.

होडी ताब्यात घेताना

बोल्टची भोकं कशी पाडली ते विचारा. बहुतेक ट्रान्सम याच भोकांतून कुजतात, आणि इथेच घाईघाईने ड्रिल मारून बोल्ट ठोकले जातात. भोक आधी गरजेपेक्षा मोठं पाडायचं, जाड केलेल्या रेझिनने पूर्ण बुजवायचं, सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टचं भोक पाडायचं. असं केलं की प्लायवूड बोल्टला कुठेच उघडं पडत नाही. बोल्ट बसवताना पॉलीयुरेथेन सीलंट लावायचा, बाथरूमचं सिलिकॉन नाही, आणि मागे मोठे स्टीलचे वायसर. फिश फाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) बारक्या स्क्रूंनाही हाच नियम. अर्ध्या इंचाच्या बोल्टची काळजी घेतात आणि त्या दोन स्क्रूंतून पाणी शिरतं.

चाचणीला कारागिराला होडीत बसवा. इंजिन पूर्ण वेगात, मग एकदम कमी, मग रिव्हर्स, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात ट्रान्समच्या कोपऱ्यावर. परत आल्यावर तिसरा हप्ता द्या. महिनाभराने बोल्ट पुन्हा आवळा आणि आतल्या बाजूला बोल्टखाली पांढरं कापड फिरवून बघा. कापडावर तपकिरी डाग आला तर त्याच दिवशी त्याला फोन करा.