नवी चेन आचके देतेय? कानस उचलण्याआधीची तयारी

नवी कोरी चेन चढवली, छोटा चेनसॉ सुरू केला आणि लाकडाला टेकवताच हादरे बसायला लागले. जुनी बोथट चेन निदान गुमान घासत होती. ही पकडते, सुटते, पुन्हा पकडते. मनगटं बधिर होतात आणि कापलेल्या तोंडावर पायऱ्या पडतात. अशा वेळी हात आपसूक कानशीकडे जातो. तो तिथेच आवरा. कारखान्यातून आलेले दात सहसा ठीक असतात, पण चेन ज्या बारवर (पुढच्या लांब चपट्या पात्यावर) आणि स्प्रॉकेटवर (तिला ओढणाऱ्या दातेरी चाकावर) फिरणार ते दोघे मात्र आधीच्या चेनसोबत झिजलेले असतात.

सुरुवातीला यंत्र मुकं करा. पेट्रोलवरचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा, बॅटरीचं असेल तर बॅटरी, वायरचं असेल तर पिन. हातमोजे घाला, कारण नवी चेन नुसती हाताने ओढली तरी कापते. आणि चेन उलटी चढलेली नाही ना, तेवढं बघून घ्या. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून हवी. हसू नका, उलटी चेन बऱ्याच जणांनी चढवलेली असते. तशी चेन कापत नाही, नुसता धूर काढते.

मग आकडे जुळवा. बारच्या मागच्या टोकाजवळ पिच (चेनच्या दुव्यांमधल्या अंतराचं माप), गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या कडेच्या खाचेत बसणाऱ्या दुव्यांची, संख्या कोरलेली असते. चेनच्या खोक्यावरच्या आकड्यांशी ती ताडून बघा. कोरलेलं पुसलं गेलं असेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याला दोनने भागा, पिच मिळते. पिच चुकली तर चेन स्प्रॉकेटवर नीट बसतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. फसवतो तो गेज, म्हणजे खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी. छोट्या यंत्रांवर 1.1 आणि 1.3 मिलिमीटर अशा दोन्ही चेन चालतात. 1.3 च्या खाचेत 1.1 ची चेन अगदी सहज बसते, फिरतेही, आणि कापताना प्रत्येक दात डावीकडे-उजवीकडे कलतो. अशा चेनला कितीही धार लावा, उपयोग शून्य.

बरोबर गेजची चेन असूनही हेच घडत असेल तर बारची खाच रुंदावली आहे. हे तपासायला वेळ द्या, बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं. चेन बारवर असू द्या, मधल्या भागातला एक दात दोन बोटांत धरा आणि आडवा हलवा. किंचित हालचाल चालते. दात सरळ एका अंगावर लवंडला तर खाच गेली. आणखी खात्री करायची असेल तर पोलादी पट्टी बारच्या कडेला आणि दाताच्या बाजूला एकदम टेकवा. पट्टी आणि बार यांच्यात फट राहिली तर बार ठीक. फट मिटली आणि पट्टी बारला चिकटली तर चेन कलतेय. नवी चेन लावूनही काप एका बाजूला वळत असेल तर संशय आधी बारवरच घ्यावा, कारण नव्या चेनमध्ये डावे-उजवे दात सारख्याच लांबीचे असतात.

आता बार काढा आणि खाचेत साचलेला तेलकट भुसा पातळ पत्र्याने उकरून टाका. तेलाचं भोक मोकळं करा. कडांवर बोट फिरवा (मोजा घालून!), बाहेर आलेला धारदार कंगोरा लागेल, तो चपट्या कानशीने सपाट करा. मग बार उलटा करून बसवा, म्हणजे झीज दोन्ही कडांवर वाटली जाते.

स्प्रॉकेटकडे लोक बघतच नाहीत, कारण ते क्लचच्या कव्हरमागे लपलेलं असतं. त्याच्या दातांवर चेनने पाडलेल्या खाचा अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेल्या असतील तर नवं घाला. तसंच जुनं ठेवलं तर नवी चेनही वेळेआधी खराब होते. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट, हा हिशोब मी पाळतो.

चेन रिळातून कापून जोडलेली असेल तर तिचा एकेक सांधा वाकवून बघा. जोडावरचा रिव्हेट जास्त ठोकला गेला की तेवढा सांधा ताठ राहतो आणि दर फेऱ्याला एका ठरावीक लयीत ठक्क असा झटका बसतो. अशी चेन जिथून घेतली तिथे परत नेऊन सांधा मोकळा करून घ्यावा, घरी हातोडी मारू नये.

एवढं सगळं नीट असेल, तर आता दातांकडे या. चौकोनी कोपऱ्याचा दात, म्हणजे फुल चिझल, झपाट्याने कापतो, पण लहान इंजिनाला तो झेपत नाही: लाकडात रुततो, वेग पडतो, पुन्हा उसळतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझल थोडा सावकाश चालतो, धार मात्र टिकवतो. छोट्या यंत्राला माझं मत नेहमी यालाच. आणि दातापुढचा बुटका उंचवटा, डेप्थ गेज, त्याला हात लावू नका. मी लावला होता. चेन संथ वाटली म्हणून चपटी कानस घेऊन सगळे उंचवटे ‘अंदाजाने’ उतरवले. पुढच्याच कापाला यंत्र असं काही ओढलं गेलं की खांद्यातून कळ आली. धार आणि उंचवटा यांच्यातला फरक या लहान चेनवर साधारण 0.65 मिलिमीटर असतो. तो वाढला की दात पेलवणार नाही एवढा घास घेतो, आणि टोकाने उसळी मारण्याचा धोकाही वाढतो. उतरवलेलं परत चढवता येत नाही. ती चेन फेकली.

आता ताण. चेनब्रेक सोडा, बारचे नट हाताने घट्ट होतील एवढेच ठेवा, बारचं टोक वर उचलून धरा आणि ताणाचा स्क्रू फिरवा. चेन खालून बारला टेकलेली हवी, तरी मोजा घातलेल्या हाताने सरकायला हवी. टोक वर धरूनच नट आवळा. सैल चेन खडबडीत कापते, हे नव्या चेनबाबत तर दुप्पट खरं, कारण पहिल्या काही मिनिटांत तिचे सांधे बसतात आणि ती लांबते. म्हणून चेनच्या तेलाची टाकी भरा, लाकूड न कापता दोन-तीन मिनिटं मध्यम वेगात चालवा, बंद करून थंड होऊ द्या, पुन्हा ताणा. बारचं टोक फिकट कागदासमोर धरून वेग दिला की तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

पहिला काप जाड, पक्क्या बसवलेल्या ओंडक्यावर घ्या. लवलवती बारीक फांदी कोणत्याही चेनला थडथडवते, तिच्यावरून निकाल लावू नका. वेग पूर्ण झाल्यावरच लाकडात शिरा, यंत्राच्या पुढचे काटे लाकडाला टेकवा आणि फक्त यंत्राच्या वजनाने उतरू द्या. सोलपटं पडताहेत का भुगा, तेही बघा. इथवर सगळं तपासूनही किंचित खरखर राहिलीच, तर गोल कानशीचे प्रत्येक दाताला दोन हलके हात द्या, लो-प्रोफाइल (बुटक्या) 3/8 इंच पिचच्या चेनला 4 मिलिमीटरची कानस. पहिल्या दिवशी पाना खिशात राहू द्या, चार-पाच काप झाले की ताण बघत चला. आणि संध्याकाळी यंत्र ठेवताना चेन थोडी सैल करा. गरम असताना ताणलेली चेन थंड होताना आखडते आणि बारला आवळून बसते.