भूल देताना या चुका टाळा: नाशिकमध्ये नवीन प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी

गेली अठरा वर्षं मी नाशिकमध्ये फ्रीलान्स भूल देतेय. सकाळी कॉलेज रोड, दुपारी सिडको, संध्याकाळी नाशिकरोडला एखादं सीझर, असा दिवस असतो. दरवर्षी एमडी, डीएनबी करून नवी मुलं-मुली येतात. हात खूप चांगले असतात त्यांचे, श्वासनळीत ट्यूब टाकायला वेळ लागत नाही, स्पायनल म्हणजे पाठीतली भूल पहिल्या प्रयत्नात बसते, आणि तरी चुका त्याच त्या. त्याही अवघड केसमध्ये नाही, अगदी साध्या केसमध्ये. दरवेळी वेगवेगळ्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभं राहून तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

पहिलं उपाशीपोटाचं. "काही खाल्लं नाही ना?" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर तुम्ही प्रश्नातच देऊन टाकलेलं असतं, पेशंट फक्त मान हलवतो. त्यात आपल्याकडे खाणं म्हणजे जेवण. चहा म्हणजे खाणं नाही, चहात बुडवलेलं बटरही नाही, आणि आजीने पोराला दिलेलं कपभर दूध तर कुणी मोजतच नाही. पेशंट खोटं बोलत नसतो, आपण नीट विचारलेलं नसतं.

मी हे फार महागात शिकले. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष, आषाढी एकादशीचा दिवस, सिन्नरकडच्या एक मावशी, पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढायचे होते. मी घाईत विचारलं, मावशी उपाशी आहात ना? त्या म्हणाल्या, "हो मॅडम, आज उपवासच आहे." मी पुढे गेले. झोपेचं प्रोपोफॉल दिलं, स्नायू सैल करणारा रिलॅक्संट दिला, मास्क धरला आणि तोंडात साबुदाणा आला. सकाळी साडेसातला वाटीभर खिचडी खाल्ली होती त्यांनी, दाण्याच्या कुटासकट. टेबल डोक्याकडून खाली केलं, मान एका बाजूला वळवली, सक्शन घातलं तर बारीक कॅथेटरमध्ये साबुदाणा अडकून बसला, मग सर्जनच्या ट्रॉलीवरची जाड सक्शनची नळी ओढून घेतली, तोपर्यंत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, सत्तर टक्क्यांच्या घरात गेलेलं. ट्यूब टाकली, आधी ट्यूबमधून खेचून काढलं आणि मगच बॅग दाबली. ऑपरेशन रद्द, मोठ्या हॉस्पिटलला हलवलं, दोन दिवस व्हेंटिलेटर, नवव्या दिवशी मावशी घरी गेल्या. त्यांच्या मुलाने मला एवढंच विचारलं की मॅडम, आईने सांगितलं होतं ना उपवास आहे म्हणून? सांगितलं होतंच. उपवास आणि उपाशी यातला फरक मला कळायला हवा होता, मी याच गावची आहे.

तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेले आहेत. काल रात्री किती वाजता जेवलात, काय होतं जेवायला, त्यानंतर पाणी कधी प्यायलात, आणि सकाळचा चहा कुणी करून दिला? शेवटचा प्रश्न मुद्दाम असाच विचारते, चहा झाला असेल तर लगेच "सुनेने" असं उत्तर येतं. एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र असेल तर उपवासाला काय खाल्लं हे थेट विचारायचं. लहान मुलाच्या बाबतीत आई-बाबांना वेगळं आणि आजीला वेगळं विचारायचं. तास सगळ्यांना पाठ असतात, साधं पाणी २, आईचं दूध ४, हलकं खाणं आणि दुधाचा चहा ६, तळलेलं किंवा मटण ८, पण अपघाताच्या किंवा कळा येत असलेल्या पेशंटला हे तास लागूच होत नाहीत, तिथे पोट भरलेलंच आहे असं धरून चालायचं.

याची उलटी चूकही तितकीच बघते. दुपारी दोनची केस आणि सिस्टर सांगते रात्री बारापासून पाण्याचा थेंबही नको. सुरगाण्याहून पहाटे पाचला निघालेले बाबा पार सुकून येतात आणि स्पायनल दिलं की बीपी धाडकन खाली. दोन तास आधीपर्यंत पाणी प्यायचं असं स्वतः फोन करून सांगा, निरोपावर सोडू नका.

आता औषधाच्या ॲम्प्यूलचं, कारण यात दुसरी संधी मिळत नाही. सीझरच्या ओटीत स्पायनलची हेवी, म्हणजे पाठीत द्यायचं भुलीचं औषध, असते आणि रक्तस्राव थांबवायला ट्रानेक्झामिक ॲसिडही असतं, असायलाच हवं, बाळंतपणातल्या रक्तस्रावात ते पहिल्या तीन तासांत शिरेतून दिलं तर जीव वाचतात. पण दोन्ही काचेच्या, जवळपास सारख्या आकाराच्या, आत पाण्यासारखं औषध. चुकून ट्रानेक्झामिक पाठीत गेलं तर प्रचंड पाठदुखी, पाय झटकणं, फिट्स, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि नोंदलेल्या केसेसपैकी जवळपास निम्म्या दगावल्यात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर वेगळा इशारा काढला.

एका नर्सिंग होममध्ये रात्री तीनला सिस्टरने ट्रे लावून ठेवलेला, ॲम्प्यूल फोडून माझ्यासमोर धरलं, मी सुई बुडवणार तेवढ्यात सवयीने म्हटलं, नाव वाचा मोठ्याने. ती वाचायला लागली आणि मधेच थांबली. ट्रानेक्झा होतं. तिची रात्रीची सलग दुसरी ड्युटी होती, तिला दोष देऊन काय उपयोग, दोन्ही डबे एकाच कप्प्यात ठेवले होते. मी पहिल्यांदा तो कप्पा बदलायला लावला. आता माझा नियम असा की ट्रानेक्झा भुलीच्या ट्रॉलीवर येणार नाही, वेगळ्या कपाटात. पाठीत जाणारं ॲम्प्यूल मी स्वतः बघणार, मोठ्याने वाचणार, समोरचा परत वाचणार, आणि रिकामी काच पेशंट ओटीबाहेर जाईपर्यंत फेकायची नाही. सिरिंज भरली की त्याच क्षणी चिकटपट्टी लावून मार्करने नाव, नंतर लिहू म्हणायचं नाही. मी भरलेली नसेल आणि नाव नसेल तर ती सिरिंज कचऱ्यात. "मॅडम, मला माहितीये कुठली कुठली ते" असं म्हणणाऱ्या ज्युनियरची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची सेफ्टी चेकलिस्ट केस संपल्यावर टिक करून ठेवू नका. १९ मुद्दे आहेत, दोन-तीन मिनिटांचं काम. २००९ मध्ये आठ शहरांतल्या हॉस्पिटल्सचा अभ्यास आला, त्यात आपली दिल्लीही होती, चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. तेही मोठ्याने बोलून केलं म्हणून.

भूल देण्याआधी मास्कने ऑक्सिजन तीन मिनिटं, घड्याळ बघून. बाळंतीण, जाड पेशंट आणि लहान मुलं सॅच्युरेशन फार पटकन सोडतात.

कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, कपाटात ठेवायला घेतलेला नसतो. मॉनिटरवर ग्राफ नाही म्हणजे ट्यूब जागेवर नाही असंच समजायचं, छातीला स्टेथो लावून स्वतःची समजूत घालायची नाही.

सिलिंडर, जंबो आणि ट्रॉलीवरचा छोटा, दोन्ही रोज सकाळी स्वतः उघडून प्रेशर बघा. ऑक्सिजन खंडित झाला की काय होतं ते २१ एप्रिल २०२१ ला झाकीर हुसेन हॉस्पिटलच्या टाकीच्या गळतीत आपल्या गावाने बघितलंय, त्यानंतरही कुणी "मामांनी (वॉर्डबॉयने) बघितलं असेल" म्हणतं तेव्हा मला खरंच राग येतो.

कवळी काढलीय का, मिश्री-तंबाखू किती, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचाराच. डिसेंबरात निफाडची थंडी ओटीतही शिरते, तेव्हा एसी बंद आणि सलाईन कोमट.

आणि शेवटची चूक, ट्यूब काढली की आपली बॅग उचलून पळायचं. दिवसाला सहा केस घेणारी मुलं हेच करतात. रिलॅक्संटचा असर थोडा जरी उरला असेल तर पेशंट ओटीत ठीक दिसतो आणि वॉर्डात जाऊन जीभ मागे पडते, तेव्हा तुम्ही द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असता आणि वॉर्डात एक सिस्टर एकटी असते. मी पेशंट स्वतःचं नाव सांगेपर्यंत, मान उचलून पाच सेकंद धरेपर्यंत आणि ऑक्सिजन काढूनही सॅच्युरेशन टिकेपर्यंत शेजारी बसून नोट्स लिहिते, आणि पुढच्या सर्जनला फोन करते की सर, अर्धा तास उशीर होईल. दोन ठिकाणची कामं त्यामुळे गेली माझी. बाकीचे आता माझ्या दोन केसमध्ये तासाचं अंतर ठेवूनच लिस्ट लावतात.